डभोईकडच्या पाच विघ्यांत वाडी करावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही बडोद्यात राहता, नवराबायको दोघेही नोकरीत, निवृत्तीला सात-आठ वर्षं आहेत. डभोई तालुक्यात आजोबांनी ठेवलेली पाच विघे काळी जमीन आहे. ती भागिया, म्हणजे वाट्याने कसणारा, करतो; कापूस, तूर, कधी एरंडी. विहिरीत बोअर आहे, पण तो चुलतभावाबरोबर अर्धा. हाताशी आठ लाख आहेत. एकाने ड्रॅगन फ्रूट सुचवलंय, दुसऱ्याने केसर आंबा, आणि तिसरा एका कंपनीचं पत्रक घेऊन आलाय की झाडं आम्ही लावू, सांभाळू, माल आम्हीच विकत घेऊ, तुम्ही फक्त पैसे भरा. निवृत्तीनंतर यातून महिन्याचा खर्च निघेल का, हा तुमचा खरा प्रश्न.

नाही निघणार. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. पाच विघे म्हणजे जेमतेम तीन एकर. तीन एकर वाडीतून घरखर्च चालवणारे लोक आहेत, पण ते वाडीतच राहतात, पहाटे पाचला मोटर चालू करतात आणि फळ स्वतः टोपलीत घालून विकतात. तुम्ही शनिवार-रविवारचे मालक असणार. अशा मालकाची वाडी होऊ शकते, चांगली होऊ शकते, पण तिचं गणित वेगळं असतं. माझी वाडी पादऱ्याकडे गोराडू, म्हणजे रेताड-पोयट्याच्या, जमिनीत आहे. अठ्ठावीस वर्षं झाली. त्याशिवाय शहरात राहणाऱ्या दहा-बारा जणांच्या वाड्या मी उभ्या करून दिल्या. त्यातल्या चार आज नाहीत. त्या चार कशा गेल्या यावरून मी जास्त शिकलो.

त्या चारही मे महिन्यात गेल्या. एक पहिल्या मेमध्ये, दोन तिसऱ्या मेमध्ये. चौथी नवराबायकोच्या अमेरिकावारीत गेली, तोही मेच. म्हणून कुठलं फळ लावायचं हे ठरवण्याआधी माझं सांगणं एकच: येत्या 15 मेला शेतावर जा आणि पाणी मोजा. दिवाळीच्या सुट्टीत नाही. दिवाळीत बडोदा जिल्ह्यातला कुठलाही बोअर राजासारखा वाहतो.

मोजायचं कसं? दोनशे लिटरचा पिंप घ्या, मोटर चालू करा, पिंप भरायला किती मिनिटं लागतात ते लिहा. मग मोटर तशीच चार तास चालू द्या आणि पुन्हा मोजा. दुसरा आकडा खरा. समजा सहा मिनिटांत पिंप भरला, तर ताशी दोन हजार लिटर झाले. आता झाडाची गरज बघा. मेमध्ये आपल्याकडे रोजचं बाष्पीभवन 8 मिलिमीटर धरा. पाच-सहा वर्षांच्या आंब्याच्या घेराचा व्यास 3 मीटर असला तर त्याची सावली सुमारे 7 चौरस मीटर. सात गुणिले आठ म्हणजे 56 लिटर, त्यातलं सत्तर टक्के झाडाला लागतं असं धरलं तर रोज 40 लिटर. पाच बाय पाच मीटरवर एका एकरात 160 झाडं बसतात. म्हणजे एकराला रोज 6,400 लिटर. ताशी दोन हजारांच्या बोअरवर सव्वातीन तास. शेतीची वीज आठ तास, त्यातला अर्धा वाटा चुलतभावाचा, तुमच्या हातात चार तास. एक एकर बसतो. तीन एकरांना 19,200 लिटर, म्हणजे साडेनऊ तासांहून जास्त. बसत नाही. कुठलाही कृषिसल्लागार न बोलावता तुम्हाला कळलं की किती एकर लावायचं.

तुमचा आकडा वेगळा येईल, पद्धत हीच ठेवा. चुलतभावाशी पाळीचं आत्ताच लिहून घ्या. भावाभावांत काय लिहायचं, असं वाटतं खरं. पण मेमध्ये त्याची बाजरी सुकत असते आणि तुमची कलमं, तेव्हा दोघांचंही बरोबरच असतं. नर्मदेचा कालवा जवळून जात असेल तर उत्तमच, पण त्याच्या भरवशावर फळझाड लावू नका. उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी किंवा वरून पाणी कमी सुटलं म्हणून कालवा कोरडा राहण्याचे दिवस येतात, आणि दोन वर्षांच्या कलमाला तुमच्या पाळीपर्यंत थांबता येत नाही. कालव्याचं पाणी टाकीत भरून ठेवायचं आणि बोअरला विश्रांती द्यायची, एवढाच त्याचा उपयोग धरा.

पाण्याचा नमुनाही तपासून घ्या, क्षारासाठी. आंबा खाऱ्या पाण्याला फार नाजूक, पानांची टोकं करपायला लागतात आणि लोक त्याला रोग समजून फवारत बसतात. चिकू बराच सोसतो. बोर तर काहीही सोसतं. माझ्या पादरा तालुक्यात कारखान्यांचं सांडपाणी खाडीकडे नेणारा कालवा जातो. त्याच्या आसपासच्या गावांत मी पाण्याचा अहवाल बघितल्याशिवाय कुणाला रोप देत नाही. डभोईकडे तो प्रश्न नाही, पण खोल बोअरचं पाणी चाखून गोड लागलं म्हणजे गोड आहे असं नव्हे.

आता जमीन. काळ्या जमिनीबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात आणि चूक पुस्तकं वाचून करतात. पुस्तकात लिहिलेलं असतं, आंब्यासाठी एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल खड्डा घ्या, शेणखत-माती भरा. मुरमाड माळावर ते अगदी बरोबर. भारी काळ्या जमिनीत तोच खड्डा म्हणजे मातीत पुरलेला हंडा. भोवतीची चिकण काळी माती पाणी झिरपू देत नाही, तुमची भुसभुशीत खतमाती ते सगळं शोषून घेते, आणि ऑगस्टमध्ये कलम आतून कुजतं. मालक येऊन बघतो तर वरची पानं सुकलेली. त्याला वाटतं पाणी कमी पडलं, तो आणखी पाणी घालतो. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. एकदा माझ्याच हातून झालंय.

काळ्या जमिनीत खड्ड्यापेक्षा उंचवटा करा. उताराच्या दिशेने दीड-दोन हात उंचीचे रुंद वरंबे ट्रॅक्टरने ओढून घ्या, मधल्या सऱ्यांमधून पावसाचं पाणी शेताबाहेर निघालं पाहिजे, आणि कलम वरंब्याच्या माथ्यावर लहान खड्डा करून लावा. पाणी कुठे तुंबतं हे बघायला पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन स्वतः शेतात उभे राहा. भागियाला विचारलंत तर तो जागा बरोबर दाखवेल, त्याला कुणी विचारत नाही एवढंच. एप्रिलपासून याच मातीला हातभर खोल भेगा पडतात आणि बारीक मुळं तुटतात. म्हणून झाडाच्या बुडाशी उसाचं पाचट, तुरीचा भुसा, गवत, जे मिळेल त्याचं जाड आच्छादन घालावं, पण खोडाला न चिकटवता. खोडाला चिकटलं तर वाळवी येते.

लावण्याआधी एक खड्डा मात्र कमरेइतका खोल घ्या, फक्त बघण्यासाठी. खाली पांढरे चुन्याचे खडे लागले तर झाडं पिवळी पडत राहतील. त्या तुकड्यात आंबा नको. सीताफळ किंवा बोर लावा.

पिकांकडे वळतो. ड्रॅगन फ्रूट आधी निकालात काढतो. 2021 च्या जानेवारीत गुजरात सरकारने त्याचं नाव कमलम केलं आणि तेव्हापासून चौकशी करणारे माझ्याकडे रांगेने येतात. पीक वाईट नाही. कच्छमध्ये लोकांनी चांगलं केलंय. पण एकरी चारपाचशे सिमेंटचे खांब, वर चक्रं, दोन हजारांच्या आसपास रोपं. चार-पाच लाख रुपये एका एकरात पहिल्याच वर्षी जमिनीत गाडले जातात. तुमचे आठ लाख दीड एकरात संपले. शिवाय 42-43 डिग्रीत त्याच्या फांद्या भाजून पिवळ्या पडतात, सावलीची जाळी लागते, म्हणजे आणखी खर्च. जे लोक ते आग्रहाने सुचवतात त्यातले निम्मे रोपं विकणारे असतात. पहिल्यांदा लावणाऱ्यांना फळापेक्षा रोपांनीच पैसे दिले, हेही खरं. तुम्ही पहिले नाही.

केसर आंबा तुमच्यासाठी ठीक, पण काही गोष्टी समजून. जुनागढच्या नवाबाने 1934 मध्ये गराचा रंग बघून त्याला केसर नाव दिलं असं सांगतात, आणि 2011 मध्ये गीर केसरला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे तुमच्या डभोईच्या आंब्यावर गीर केसर लिहिता येणार नाही. केसर लिहा, बडोद्याचा लिहा, खोटं लिहू नका. आमच्या मराठी मंडळींपैकी दर तिसरा माणूस विचारतो, हापूस का नको? लावून बघितलाय. झाड वाढतं, फळही धरतं, पण कोकणातला तो वास इथल्या कोरड्या उन्हात येत नाही, आणि साका झालेलं, म्हणजे आतून गर खराब झालेलं, फळ कापल्यावर गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. दारात हौसेसाठी एक झाड लावा.

केसरबरोबर दर सात-आठ झाडांमागे एक राजापुरी लावा, हा माझा हट्ट असतो. राजापुरी कच्चाच जातो. मेच्या मध्यात छुंदा, साखरांबा, गुळांबा, लोणचं, अख्ख्या बडोद्याला एकाच पंधरवड्यात तो हवा असतो. पिकवण्याची भानगड नाही, सडण्याची भीती नाही. केसर पिकेपर्यंत जून उजाडतो, आणि पाऊस लवकर आला की फळमाशी आलीच. तेव्हा राजापुरीचे पैसे आधीच खिशात असलेले बरे.

फळ कधी? चांगलं कलम तिसऱ्या वर्षी मोहोर दाखवतं. तो खुडून टाका. इथे प्रत्येक मालकाचा जीव तुटतो, फोटो काढायला म्हणून चार कैऱ्या ठेवतात आणि झाड एक वर्ष मागे जातं. पाचव्या वर्षी थोडं फळ घ्या, सहाव्यापासून उत्पन्न धरा. झाडामागे 12-15 किलो. दीडशे झाडं जगली असं धरलं तर एकरात सुमारे दोन टन. व्यापारी शेतावर 45 रुपये किलो देईल असं माझ्या हिशोबासाठी धरतो, म्हणजे 90 हजार. आठव्या-नवव्या वर्षी झाडामागे 25 किलो आले तर पावणेचार टन, एक लाख साठ-सत्तर हजार. त्यातून फवारणी, खत, मजुरी, राखण वजा जाता एक लाख हातात. आणि पुढच्या वर्षी त्याच झाडांवर तिसरा हिस्सा. आंबा एक वर्षाआड दमतो, केसरही. म्हणून सरासरी धरा साठ-पासष्ट हजार. हाच पैसा सात टक्क्यांच्या ठेवीत घातला असता तर साडेपाच लाखांवर साडेअडतीस हजार मिळाले असते, आणि पहिल्या वर्षापासून. आकडे मुद्दाम समोर ठेवले. फरक आहे, पण पत्रकातल्यासारखा नाही.

साडेपाच लाख कुठून आले? तुमच्या आठातून मी हे असं खर्च करीन. तीन एकरांचा वाकडातिकडा परीघ पावणेपाचशे मीटर धरा. तारेचं कुंपण मीटरमागे तीनशे, म्हणजे एक लाख चाळीस हजार. हे पहिलं काम, झाड लावण्याच्या आधीचं. रोझ (नीलगाय) आणि रानडुक्कर एका रात्रीत दोन वर्षं खाऊन जातात. शेजारच्यांबरोबर गट करून कुंपणाच्या सरकारी अनुदानाला अर्ज करता येतो, आय-खेडूत या सरकारी संकेतस्थळावर बघा. पाण्याची टाकी, फिल्टर, मोटरची दुरुस्ती, एक लाख. एका एकराचं ठिबक पन्नास हजार. अनुदान जीजीआरसीकडून, म्हणजे गुजरात ग्रीन रिव्होल्यूशन कंपनीकडून, मिळतं, त्यांची कचेरी तुमच्याच गावात फर्टिलायझरनगरला. वरंबे, कलमं, शेणखत, काठ्या मिळून झाडामागे साडेतीनशे, म्हणजे 56 हजार. आणि चार वर्षांची देखभाल, दर वर्षी पन्नास, दोन लाख. ही झाली सुमारे साडेपाच लाखांची बेरीज. उरलेले अडीच लाख बँकेत ठेवा आणि विसरा. तिसऱ्या मेमध्ये बोअरची मोटर जळेल तेव्हा आठवतील. माझ्या त्या दोन वाड्या तिसऱ्या मेमध्ये गेल्या त्या नेमक्या यामुळे: सगळा पैसा पहिल्या वर्षी दणक्यात लावला, तीन एकर एकदम, आणि मोटर जळली तेव्हा मालक म्हणाले पगार झाला की बघू. पगार होईपर्यंत बारा दिवस गेले.

उरलेल्या दोन एकरांत भागियाला तूर-कापूस करू द्या. हे महत्त्वाचं आहे. वाडीला माणसाची जाग लागते, आणि नुसता राखणदार ठेवायला तुमच्या एकराला परवडत नाही. भागियाची स्वतःची तूर शेजारी उभी असेल तर तो रोज येणारच, येता येता ठिबकचे ड्रिपर बघेल. त्याला आंब्याच्या उत्पन्नातही हिस्सा द्या. फळ सुरू होईपर्यंत कलमांच्या ओळींमधली जमीनही त्यालाच द्या, मूग, हरभरा, तूर. तुरीची ओळ कलमाच्या पश्चिमेला घेतली तर लहान कलमाला तिची सावली मिळते आणि मेमधलं ते भाजणारं वारं अडतं. पीक निघालं तरी त्या तुराट्या मेपर्यंत कापू देऊ नका, जळणाला न्यायची घाई असते सगळ्यांना.

केसर एक एकर झाला. बांधावर, कुंपणाच्या आतून, सीताफळ लावा. त्याची पानं जनावरं तोंडात घेत नाहीत, उन्हाळ्यात ते स्वतःच पानं गाळून झोपी जातं, म्हणजे मेमध्ये पाणी फारसं मागत नाही. फळ झाडावरून उतरल्यावर तीन-चार दिवसांत खपायला हवं. लांबच्या शेतकऱ्याला ती अडचण. तुम्ही शहरापासून तीस किलोमीटरवर आहात, तुम्हाला तोच फायदा. एक-दोन जांभळंही लावा. गोध्र्याजवळ वेजलपूरला केंद्राचं फळसंशोधन केंद्र आहे, कोरडवाहू फळझाडांवर काम करतं, त्यांची गोमा प्रियंका ही जांभळाची जात बुटकी आहे आणि लवकर फळते. एखाद्या शनिवारी पावागडला जाता त्याच रस्त्याने पुढे जाऊन ते केंद्र बघून या. तिथली झाडं बघून जे कळतं ते माझ्या लिहिण्यातून कळणार नाही.

चिकूबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण लांबून वाडी करणाऱ्याला मी आंब्यापेक्षा चिकूच सुचवतो. कालीपत्ती. तो आंब्यासारखा रुसत नाही, थोडंथोडं फळ बराच काळ देत राहतो, फवारण्या कमी. पण भारी काळ्या जमिनीत पाणी तुंबलं तर तोही बसतो, म्हणून तुमचा तो कमरेइतका खड्डा काय सांगतो त्यावर ठरवा. चिकूचं कलम खिरणीच्या, म्हणजे आपल्या इथल्या रायणच्या, खुंटावर बांधलेलं असतं. एक गंमत सांगतो. एका गृहस्थांनी सहा वर्षं सांभाळलेलं चिकूचं झाड मला अभिमानाने दाखवलं, छान घुमटासारखं वाढलेलं. ते रायणचं झाड होतं. कलमाच्या सांध्याखालून खुंटाला फुटवे आले, कुणी काढले नाहीत, वरचा चिकू मरून गेला आणि रायण वाढली. आंब्याचंही असंच होतं, केसर म्हणून वाढवलेलं झाड सहाव्या वर्षी रायवळ आंबे देतं. पहिली दोन वर्षं दर महिन्याला प्रत्येक कलमाचा सांधा स्वतः बघायचा, खालचा फुटवा नखाने काढायचा. शनिवार-रविवारच्या मालकाला हे काम छान जमतं, नातवंडांनाही शिकवता येतं.

पेरू लवकर पैसा देतो, दुसऱ्या वर्षापासून, म्हणून सगळ्यांना मोह होतो. मलाही झाला होता. नऊ-दहा वर्षांपूर्वी एका रोपवाटिकेतून मी गुलाबी गराच्या तैवान पेरूची चारशे रोपं आणली. दीड वर्ष झकास वाढली. मग एकेक झाड भरदुपारी मान टाकायला लागलं, पानं तांबूस झाली. उपटून बघितलं तर मुळांवर मोत्यांच्या माळेसारख्या गाठी. सूत्रकृमी, मुळांत राहणारे बारीक किडे. रोपांच्या पिशवीतूनच आले होते, आणि आता ते माझ्या जमिनीत आहेत; त्या तुकड्यात पेरू पुन्हा घेता येणार नाही. रोपवाटिकेवाल्याने हात वर केले. माझ्याकडे ना पावती होती ना फोटो. तेव्हापासून मी कुठल्याही रोपवाटिकेत गेलो की शंभरात चार पिशव्या माझ्या हाताने फाडतो, माती धुतो, मुळं बघतो. त्या चार रोपांचे पैसे मी देतो. जो फाडू देत नाही त्याच्याकडून घेत नाही. आणि पेरूच्या ओळींत वांगी-टोमॅटो कधी लावू नका. तेच सूत्रकृमी त्यांच्यावर पोसतात.

आता त्या कंपनीचं पत्रक. मी ते बघितलं नाही, पण न बघता दोन गोष्टी सांगतो. नव्वदच्या दशकात सागवानाच्या अशाच योजना होत्या. आज हजार भरा, वीस वर्षांनी झाड तुमचं. माझ्या सासऱ्यांकडे तसलं छापील प्रमाणपत्र होतं, कडेला वेलबुट्टी, मध्ये झाडाचा नंबर. त्या नंबरचं झाड कुणी पाहिलं नाही, कंपनीची कचेरी एक दिवस बंद झाली. असे प्रकार देशभर इतके झाले की 1999 मध्ये सेबीला, म्हणजे शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेला, सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी वेगळे नियम करावे लागले. तेव्हा जो कुणी अनेकांकडून पैसे गोळा करून स्वतः वाडी चालवणार आणि नफा वाटणार म्हणतो, त्याला सेबीची नोंदणी दाखवायला सांगा. दुसरं, तुमच्याच जमिनीवर तो झाडं लावणार असेल तर करारात तीन वाक्यं शोधा. मेलेलं झाड कोण बदलणार, मेमध्ये पाणी कुणी द्यायचं, आणि माल विकत घेण्याचा भाव आकड्यात लिहिलाय की बाजारभावाप्रमाणे. बाजारभावाप्रमाणे असेल तर त्या हमीचा अर्थ एवढाच की तो एक गिऱ्हाईक आहे. तशी गिऱ्हाइकं सयाजीपुऱ्याच्या मार्केट यार्डात शंभर सापडतील. कलमाचा त्याने लावलेला दर आणि कुठल्याही रोपवाटिकेतला दर शेजारी शेजारी ठेवा. बहुतेक वेळा त्याचा सगळा नफा तिथेच, पहिल्या दिवशीच झालेला असतो. पुढे तुमची झाडं जगोत की मरोत.

इजाऱ्याबद्दल, म्हणजे हंगामाचं फळ झाडावरच विकून टाकण्याबद्दल, थोडं, कारण पाच-सहा वर्षांनी इजारदार तुमच्या दारात येणारच. मोहोर बघून तो रोख देतो, राखण, फवारणी, तोडणी सगळं त्याचं. लांबच्या मालकाला सोयीचं आहे, मी त्याविरुद्ध नाही. पण तो एका हंगामाचा धनी, झाड तीस वर्षांचं. जुलै-ऑगस्टमध्ये मोहोर हमखास यावा म्हणून तो बुंध्यात कल्टार, म्हणजे झाडाची वाढ रोखणारं औषध, ओततो. ते औषध वाईट नाही, घेराच्या दर मीटरला तीन मिलिलिटर, मोठ्या आणि जोमदार झाडाला, खत-पाणी पोटभर देऊन. इजारदार अंदाजाने ओततो, दर वर्षी ओततो, आणि झाडाच्या फांद्या आखडून पानांचे झुपके होतात. करारातच लिहा: कल्टार मालकाला विचारल्याशिवाय नाही, आणि कार्बाइडची पुडी शेतावर दिसली तर इजारा रद्द. कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे, पण नाव तुमच्या वाडीचं जातं.

जमेल तेव्हा स्वतः विका. दांडिया बाजार, रावपुरा, प्रतापनगर इथे तुमची ओळखपाळख आहे. दहा किलोची पेटी, गवतात आढी घालून पिकवलेली, घरपोच. पहिल्या वर्षी तीस घरं पुरतात. व्यापाऱ्याच्या जवळपास दुप्पट भाव मिळतो आणि वर मी हिशोबात धरलेला आकडा बदलतो, मात्र महिनाभर तुमच्या घरभर आंबे, मुंग्या आणि फोन. बायकोला आधी विचारा.

कागदाचं एक राहिलं. सातबारा आणि आठ-अ वर आजोबांचंच नाव असेल तर वारसनोंद आधी करून घ्या, बहिणी-आत्यांची नावं घालून, हक्क सोडायचे असतील तर ते रीतसर. अनुदानाचा अर्ज त्याशिवाय पुढे सरकत नाही, आणि झाडाला फळ लागल्यावर वाटणी काढणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. पैशाची गरज पडली तरी सगळी जमीन विकू नका. गुजरातमध्ये शेतजमीन घ्यायला आधी खातेदार शेतकरी असावं लागतं, एकदा ते गेलं की परत मिळवणं अवघड.

तर यंदा काही लावू नका. मेमध्ये पिंप घेऊन जा, खड्डा खणा, माती-पाण्याचे नमुने द्या. पावसाळ्यात पाणी कुठे तुंबतं ते बघा. दिवाळीनंतर कुंपण, उन्हाळ्यात वरंबे आणि टाकी, आणि पुढच्या वर्षी पहिला चांगला पाऊस होऊन जमीन वाफशावर आली की कलमं. पिंपाचे दोन्ही आकडे, सुरुवातीचा आणि चार तासांनंतरचा, मला कळवा. त्यावरून राजापुरी किती आणि चिकूला जागा आहे की नाही, ते सांगतो.